जनरल टेनी यांच्या मतानुसार

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे लिडफर्डची गावसभा. वर्षभर ज्यांनी हवापाण्यापलीकडे एकमेकांशी शब्द काढलेला नसतो, ती माणसं त्या दिवशी मनसोक्त भांडून घेतात आणि दुपारी एकाच टेबलाशी बसून काकवीत शिजवलेल्या बीन्सवर ताव मारतात. व्हरमाँटमध्ये तेव्हा बाहेर बर्फ कमरेएवढं असतं. पण मेपलच्या झाडांना आतून कसली तरी जाग आलेली असते. ऊन जरा तापलं की खोडांना टांगलेल्या बादल्यांत रस ठिबकायला लागतो, आणि सभेला बसलेल्या निम्म्या माणसांचं लक्ष त्या बादल्यांकडेच असतं.

त्या वर्षी ओरिन टेनी सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या मागच्या बाकावर, लाकडाच्या शेगडीजवळ बसला होता. वय सत्तरीच्या पुढे, पाठ अजून ताठ, हॅट मांडीवर. राज्याच्या महाधिवक्त्याला ‘जनरल’ म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. ओरिनने जन्मात हरणाखेरीज कशावर बंदूक रोखली नव्हती, पण वीस-बावीस वर्षं तो या राज्याचा जनरल होता, आणि पद गेलं तरी तो शब्द त्याला चिकटला तो चिकटलाच. राजधानीत लोक तो आदराने उच्चारत. लिडफर्डमध्ये जरा वेगळ्या सुरात उच्चारत. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

आज तो आला होता ते एकाच विषयासाठी. सभेपुढे प्रश्न होता, टेनी टेकडीचा रस्ता गावाने कायमचा सोडून द्यावा का? त्या रस्त्यावर वर एकच घर होतं, आणि ओरिनचा जन्म त्या घरातला. बायको कॉन्स्टन्स गेल्यावर राजधानीतला फ्लॅट त्याला खायला उठला, तेव्हा गेल्या शरदात कुलूप लावून तो इथे परतला होता. छपराच्या फळ्या त्याने स्वतः बदलल्या, आईची जुनी चूल घासूनपुसून पेटवली. गावाने रस्ता सोडला म्हणजे बर्फ लोटणारा ट्रक वर चढणार नाही. ट्रक चढला नाही म्हणजे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत वरचा माणूस वरच. तरुणाला ते जमेल. ओरिनला गाशा गुंडाळून पुन्हा त्या फ्लॅटमध्ये जाऊन बसावं लागलं असतं, मरण येईपर्यंत.

आयुष्यभर तो दुसऱ्यांसाठी बोलला होता. स्वतःसाठी काही मागायची ही पहिलीच खेप.

त्याच्या पुढे दोन बाक सोडून ड्रूसिला बसली होती. त्याची धाकटी बहीण. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, खांद्यावर राखाडी शाल, हातात विणकाम. ती आत येताना त्याच्या बाकावरून गेली होती आणि रिकाम्या बाकाकडे बघावं तसं बघून पुढे गेली होती. दोघांमध्ये कित्येक वर्षांत एक शब्द झाला नव्हता. तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी, त्याचं माथ्यावर. मधे तोच रस्ता.

सभेचा अध्यक्ष वेंडल प्रॅट. त्याने हातोडी आपटली, घसा खाकरला आणि दरवर्षीप्रमाणे तो नियम म्हणून दाखवला.

“जनरल टेनी यांच्या मतानुसार, सभा हे गावाचं तोंड आहे, आणि गावाच्या तोंडात परक्याची जीभ नको. ज्याचं नाव मतदारयादीत नाही, त्याला हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांनी हात वर केल्याशिवाय बोलता येणार नाही.”

हा नियम ओरिनने जनरल असताना स्वतः घालून दिला होता. उन्हाळ्यात हवा खायला येणारा एक शहरी पाहुणा एकदा मार्चमध्येही टपकला, आणि गावात रस्तोरस्ती दिवे का हवेत यावर बीन्स गार होईपर्यंत बोलत राहिला. गावाने विचारलं, अशांचं काय करायचं? ओरिनने कायदेशीर मत कळवलं. ते तोंड आणि जिभेचं वाक्य लिहून झाल्यावर तो खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच हसलाही होता. लिडफर्डला ते वाक्य इतकं आवडलं की तेव्हापासून सभेची सुरुवातच त्याने व्हायची. आज वाक्याचा धनी समोर होता, म्हणून सगळ्यांनी माना वळवून मागे पाहिलं. ओरिनने किंचित मान झुकवली. ड्रूसिलाने मान वळवली नाही.

मग विषय सुरू झाले. खडी किती टाकायची. आगीचा बंब आणखी एक वर्ष चालेल का. वाचनालयाचं गळकं छप्पर. कुणीतरी म्हणालं, “पुस्तकं भिजली तर वाळवता येतात,” त्यावर कुणीतरी म्हणालं, “तू कधी वाचलंयस का एखादं, कोरडं तरी?” हशा झाला. शेगडीत बर्चचं लाकूड फुटलं. ओल्या लोकरीचा आणि स्वयंपाकघरातल्या काकवीचा वास खोलीभर पसरला. खिडकीतून बर्फावरचं ऊन आत येत होतं, ते इतकं पांढरं होतं की माणसांच्या कडा त्यात विरघळल्यासारख्या वाटत होत्या. ओरिनचे डोळे जड झाले. आपण झोपत नाही आहोत, नुसते ऐकतो आहोत, असं त्याने स्वतःला बजावलं. म्हातारी माणसं झोपण्यापूर्वी हेच बजावतात.

विणकामाच्या सुयांचा टिकटिक आवाज लांब गेला. वेंडलच्या जागी आता उंच बाकावर पाच न्यायाधीश बसले होते, काळ्या झग्यांत, आणि पाचहीजण मोजे विणत होते. ओरिन त्यांच्यापुढे उभा होता, तरुण, कपाळावर भरपूर केस. “राज्यातर्फे कोण?” एका न्यायाधीशाने टाका न चुकवता विचारलं. “मी राज्यातर्फे,” ओरिन म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला नेहमी वाटे तसं वाटलं, की आपला घसा म्हणजे एक लांब बोगदा आहे आणि त्यातून पलीकडच्या डोंगरांचा, गायींचा, नद्यांचा, लाखो माणसांचा आवाज येतो आहे. त्याला तो आवाज फार आवडायचा. कुणापासून लपवायचं कारण नाही, त्याला ते सुख वाटायचं.

मग तो जत्रेत होता. जनरलपदासाठी दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि निवडणूक म्हटली की जत्रा आलीच. तो बैलांच्या रांगांमधून हात मिळवत चालला होता. एका म्हातारीने त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. छपराला डांबर लावतो म्हणून एका भामट्याने तिला लुबाडलं होतं आणि ओरिनच्या कचेरीने तिचे पैसे परत मिळवून दिले होते. “तू कुणाचा रे?” म्हातारी विचारत होती. “राज्याचा, बाई,” तो सांगत होता. “ते झालं रे. पण कुणाचा?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

आणि मग पाणी आलं. सभागृहाच्या मधल्या वाटेने नदी वाहत आली, पांढरी, दुधट, आंबूस वासाची, आणि तिच्यावर चांदीच्या पोटांचे मासे उलटे तरंगत होते. कुणीही पाय वर घेतले नाहीत. ओरिनने ओळखली ती नदी. लिडफर्डचा चीजचा कारखाना चीज गाळून उरलेलं सगळं पाणी तिच्यात सोडायचा. राज्याने दोनदा समज दिली, मालकांनी दोनदा खांदे उडवले. शेवटी राज्यातर्फे, म्हणजे ओरिनतर्फेच, खटला भरला गेला. टाक्या बांधण्यापेक्षा मालकांनी कारखाना बंद केला आणि ते दूर निघून गेले. गाव मात्र जागच्या जागी राहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन वर्षांनी ओरिन गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. लिडफर्डने तर त्याला धडधडीत विरोधात मतं दिली. लोक म्हणाले, गव्हर्नर व्हायचं होतं म्हणून स्वतःच्या गावावर पाय देऊन वर चढायला गेला.

ड्रूसिलाचा नवरा मेरिट त्या कारखान्यात चीज करायचा. त्याच्यासारखी जुनी, तिखट चेडर त्या खोऱ्यात कुणाला साधली नाही. कारखान्याला टाळं लागायच्या आधी ड्रूसिला बसने राजधानीला आली होती. ओरिनच्या टेबलासमोर हॅट न काढता बसली होती. “एक वर्ष दे त्यांना,” ती म्हणाली. “एकच वर्ष.” ओरिनने तिला समजावून सांगितलं की कायदा सर्वांना सारखा, नात्यागोत्यासाठी तो थांबत नाही, उलट नात्यागोत्यासाठी तर मुळीच थांबता कामा नये. सगळं खरं होतं. ती ऐकत राहिली, मग उठली.

“तुझ्या तोंडातून सरकार बोलतंय, ओरिन,” ती म्हणाली. “सरकारशी मला काही बोलायचं नाही. माझा भाऊ कुठाय?”

तो काय बोलला होता? काहीच नाही. त्याने वाट बघितली, आपल्या घशातून काहीतरी येईल म्हणून. ती दार लावून गेली. मेरिट उत्तरेकडे लाकूडतोडीला गेला, शनिवारी यायचा, रविवारी जायचा. काही वर्षांनी त्याच्या छातीने दगा दिला. अंत्यविधीला ओरिन मागच्या रांगेत उभा होता, आज बसला होता तसाच.

“…टेनी टेकडीचा रस्ता,” वेंडल म्हणाला, आणि ओरिन दचकून जागा झाला.

बोलायला उभा होता रेज बूशार, गावच्या रस्त्यांचा मुकादम. दणकट, लालबुंद, हातात टोपी पिळत. “हे बघा, वर एकच घर आहे. एकच चिमणी. त्या एका चिमणीपायी माझा ट्रक यंदा दोनदा ओढ्यात जाता जाता वाचला. जनरलसाहेबांबद्दल माझी तक्रार नाही, माणूस भला आहे. मी वर पोचतो तर पहाटे फाटकाशी कॉफीचा थर्मास घेऊन उभा. पण ट्रकला कॉफी चालत नाही.”

“चीजचं पाणी चालतं का विचार त्यांना!” मधूनच कुणीतरी ओरडलं. हशा झाला, पण त्या हशाला धार होती.

“आणखी कुणाला बोलायचंय?” वेंडलने विचारलं.

ओरिनने हात वर केला आणि तो उभा राहिला. हॅट मांडीवरून खाली पडली. मनात त्याने सगळं जुळवून आणलं होतं, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, कुठे थांबायचं. आवाज लावण्यासाठी त्याने श्वास घेतला.

वेंडलने शेजारी बसलेल्या गावच्या चिटणीसबाईंकडे पाहिलं. बाईंनी हळूच मान हलवली. वेंडल एकदम अवघडून गेला.

“ओरिन,” तो म्हणाला, “तुझं नाव यादीत नाही रे.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. ज्या माणसाला राज्यातला प्रत्येक निवडणूक कायदा तोंडपाठ, तो स्वतःच्या गावात नाव नोंदवून मतदाराची शपथ घ्यायला विसरला होता. विसरला होता म्हणणंही बरोबर नाही. या गावच्या दफनभूमीत गेल्या दोनशे वर्षांतले टेनी झोपलेले असताना आपलं नाव या गावातून कधी पुसलं गेलं असेल, हे त्याच्या मनालाच शिवलं नाही. चिटणीसबाई त्याला आठवड्यातून दोनदा दुकानात भेटायच्या. त्यांना वाटायचं, तो स्वतः येईल, आपण कशाला कुणाच्या कामात नाक खुपसा. त्याला वाटायचं, काही राहिलं असेल तर त्या सांगतीलच. आम्ही लोक असे आहोत. शेजाऱ्याचं घर जळत असलं तरी आधी त्याच्या दारावर टकटक करू. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

“मग हात वर करायला सांग,” ओरिन हळू म्हणाला. “नियमाप्रमाणे.”

“जनरल टेनी यांना बोलू द्यावं, असं ज्यांना वाटतं…”

हात वर झाले. एकेक करत, कोटाच्या बाह्यांतून, विणकाम मांडीवर ठेवून. ओरिन बघत राहिला. त्याला वाटलं, हात काही मोजायचे नसतात, बर्फात उभ्या झाडांसारखे नुसते बघायचे असतात; तरी सवयीने त्याने ते मोजलेच. रेजचा हात वर होता. पुढे दोन बाक सोडून राखाडी शाल हलली नाही. सुया चालतच राहिल्या.

वेंडल भला माणूस होता. त्याने नजर फिरवली, पुन्हा एकदा फिरवली, आणि मग चटकन हातोडी उचलली. “झालं की! पुरेसे आहेत. बोल, ओरिन.”

आता कुणीही शहाणा माणूस बोलला असता. खोलीतल्या कुणाचीही हरकत नव्हती, निदान मोठ्याने नव्हती. टेकडीवरचं घर, आईची चूल, त्याचं उरलेलं आयुष्य, सगळं त्या एका हातोडीवर तोललेलं होतं. ओरिनने तोंड उघडलं.

“नाहीत, वेंडल,” तो म्हणाला. “दोन-तृतीयांश होत नाहीत. थोडे कमी पडतात.”

“अरे, थोडेच ना?”

“थोडे म्हणजे कमीच.” त्याने वाकून हॅट उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि तो खाली बसला. “पुढे चालू दे.”

कुणीतरी अविश्वासाने हसलं. कुणीतरी ‘वा रे पठ्ठे’ म्हणालं. ओरिनच्या कानांत मात्र आता काहीच शिरत नव्हतं. खिडकीतलं पांढरं ऊन तेवढं होतं, आणि त्या उन्हात राजधानीतला फ्लॅट, लिफ्टचा वास, समोरच्या इमारतीच्या खिडक्या. त्याला रडू येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. आपण बरोबर केलं एवढंच त्याला कळत होतं, आणि बरोबर केल्याने आजवर कधी पोट भरलं नव्हतं.

सुयांचा आवाज थांबला होता.

“वेंडल,” ड्रूसिला उभी राहिली. “मला बोलायचंय.”

“बोल, ड्रू.”

“मी या गावची मतदार आहे ना?”

“तू नाहीस तर मग कुणीच नाही.”

“मग माझ्या कानात कुणी काही कुजबुजलं, आणि ते मी माझ्या तोंडाने मोठ्याने म्हटलं, तर चालेल?”

वेंडलने कान खाजवला. त्याने चिटणीसबाईंकडे पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं. “याचा निवाडा, म्हणजे… खरं तर असल्या बाबतीत आपण नेहमी…” आणि त्याची नजर सवयीने मागच्या बाकाकडे गेली. सगळ्यांचीच गेली. “जनरल, तुमचं मत काय?”

ओरिन पुन्हा उभा राहिला. “मी या प्रकरणात स्वतः पक्षकार आहे,” तो म्हणाला. “मला मत देता येणार नाही.”

“बघा!” ड्रूसिला कडाडली. सगळ्या खोलीकडे हात पसरून ती म्हणाली, “बघा, आहे का नाही! लहानपणी पत्ते खेळताना स्वतःच स्वतःची चोरी पकडून द्यायचा. आईला वाटायचं, हा मोठेपणी उपाशी मरणार. मला इतकी वर्षं वाटत होतं…” ती मधेच थांबली. काय वाटत होतं ते तिने सांगितलं नाही, पण ज्यांना गव्हर्नरची निवडणूक आठवली त्यांना ते कळलं.

“मग निवाडा मीच देतो,” वेंडल म्हणाला आणि त्याने हातोडी आपटली. “ज्याचा कान त्याचा. जा बाई, ऐक.”

या वेळचा हशा मोकळा होता. ड्रूसिला बाकांमधून वाट काढत मागे आली आणि ओरिनच्या शेजारी बसली. लोकर, धूर आणि उकळत्या मेपलचा गोडसर वास. मेरिट गेल्यापासून रस आटवायचं गुऱ्हाळ ती एकटीच चालवत होती, आणि मार्चमध्ये तो वास तिच्या केसांतून जात नसे. तिने मान तिरपी केली, कान त्याच्या तोंडाशी आणला.

“बोल. हळू.”

“सार्वजनिक रस्ता एकदा सोडला,” ओरिन कुजबुजला, “की त्यावरचा जनतेचा वहिवाटीचा हक्क कायमचा लोप पावतो, आणि पुढे भविष्यात…”

“तो म्हणतोय,” ड्रूसिला मोठ्याने म्हणाली, “रस्ता टाकला की परत मिळत नाही.”

“…दफनभूमीकडे जाणारी वाटही त्यातूनच फुटत असल्यामुळे…”

“वर आपले पूर्वज आहेत, त्यांना भेटायला जायचं तर तोच रस्ता. रेज, तुझा आजोबाही वरच आहे. उन्हाळ्यात फुलं घेऊन उडत जाणार आहेस का?”

रेजने टोपी आणखी पिळली.

“…आणि ट्रकच्या सुरक्षिततेबाबत, वळणावर वाळूचा पुरेसा साठा…”

“वळणावर वाळूचं पिंप ठेवतो म्हणतोय. स्वतः भरेल.” मग तिने मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी इतक्या जवळून. तिचे डोळे त्यांच्या आईचे होते, हे तो विसरून गेला होता. ती आता कुजबुजत होती. “हे सगळं सरकार बोलतंय, ओरिन. चांगलं बोलतंय. पण मला सरकार नको. ओरिनला बोलू दे. तुला ते घर कशाला हवंय?”

शेगडीत लाकूड सरकलं. ओरिन वाट बघत राहिला, पूर्वी एकदा बघितली होती तशी. घशातला तो लांब बोगदा रिकामा होता. डोंगर नाहीत, नद्या नाहीत, लाखो माणसं नाहीत. अगदी टोकाशी एक लहानसा खरखरीत आवाज होता. हा आपला, हे ओळखायलाही त्याला क्षणभर वेळ लागला.

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझी चिमणी दिसते,” तो म्हणाला. “सकाळी तुझा धूर वर आला की मी चूल पेटवतो. त्याआधी नाही. धूर दिसला की कळतं, तू उठलीस. बरी आहेस.” तो थांबला. “शहरातून ते दिसत नाही.”

ड्रूसिला हलली नाही. पुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवून पाहिलं आणि झटकन पुन्हा समोर वळवली. सभेतली माणसं ऐकू येत नसताना ऐकण्यात फार तरबेज असतात.

“मला माहीत आहे,” ड्रूसिला अगदी त्याच्या कानाशी म्हणाली. “माझा धूर निघाला की तुझा निघतो. पहिल्या दिवशी वाटलं, योगायोग असेल. मग एकदा मुद्दाम उशिरा पेटवली. तूही थांबलास. थंडीत कुडकुडत बसला असशील, मूर्खा.” तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं. “मीही बघते. तुझा धूर आल्याशिवाय मी कॉफी ओतत नाही.”

“ड्रू,” वेंडलने पुढून विचारलं, “काय म्हणतोय तो?”

ती उभी राहिली. शाल सारखी केली. आवाज खणखणीत लागायला तिला जरा वेळ लागला.

“तो म्हणतोय,” ती म्हणाली, “रस्ता राहू दे.”

“बास? एवढंच?”

“बाकीचं माझ्याशी होतं.” तिने खोलीभर नजर फिरवली. “आता माझं सांगते, त्याचं नाही. माझा मेरिट त्या कारखान्यात होता, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. कारखाना गेला ते मला आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण माझी नातवंडं उन्हाळ्यात त्या नदीत पोहतात, आणि तुम्ही सगळे तिथे ट्राउट मासे धरता. तू तर परवान्याशिवाय धरतोस, रेज. तेव्हा त्या एका चिमणीबद्दल पुन्हा कुणी काही बोलू नका. मत घे, वेंडल.”

मतदान आवाजी झालं. रस्ता सोडावा म्हणणारे बोलले, पण पडक्या आवाजात, आणि त्यांत रेजचा आवाज नव्हता. रस्ता राहावा म्हणणाऱ्यांनी खिडक्यांची तावदानं हलवली. ओरिनला मत नव्हतं, म्हणून तो ओठ घट्ट मिटून बसला होता. शेजारी ड्रूसिला इतक्या जोरात ओरडली की तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा गडगडत शेगडीखाली गेला. तो काढायला ओरिन गुडघ्यावर वाकला आणि जरा जास्तच वेळ तिथे वाकलेला राहिला.

दुपारी लांब टेबलांवर बीन्स आले, हॅम आलं, आणि शेवटी परातीत ताजं बर्फ भरून त्यावर उकळता पाक ओतला. काट्याला गुंडाळून तो चिवट गोड पाक खायचा आणि तोंड गोड झालं की आंबट काकडीचा चावा घ्यायचा, म्हणजे पुन्हा गोड खाता येतं. ओरिनने तो बालपणानंतर खाल्ला नव्हता. खिडकीबाहेर पागोळ्या धावत होत्या. सगळं एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखं वाटत होतं, आणि कुणी जागं करू नये म्हणून तो हळूहळू चावत होता. रेज ताट घेऊन जाताना थांबला.

“जनरल, वाळूचं पिंप मी आणतो. तुम्हाला उचलणार नाही ते. पण कॉफी चालू ठेवायची हं.”

“ओरिन म्हण,” ओरिन म्हणाला.

“जमतंय का बघतो,” रेज म्हणाला.

दुपारनंतर गावचे किरकोळ मानकरी नेमायचे होते, शेताच्या बांधावरून भांडणं झाली तर सोडवणारे कुंपण-पंच वगैरे. कुणीतरी गमतीने ओरिनचं नाव पुकारलं. वेंडलने यादी वर धरून दाखवली आणि म्हणाला, “नाव नाही. पुढच्या वर्षी.” चिटणीसबाई ताठ बसून म्हणाल्या, “उद्या दहा वाजता कचेरी उघडते. मी कुणाच्या कामात नाक खुपसत नाही, पण उघडते.”

लोक कोट चढवू लागले तेव्हा ओरिन दाराशी उभा होता. ड्रूसिला बुटांचे बंद आवळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “उद्या धूर दिसला की चूल पेटवायची नाही.”

“का?”

“खाली यायचं. रस सुरू झालाय, बादल्या वाहायला माणूस नाही. पॅनकेक मी करते. कचेरी दहाला उघडते, तोवर दोन फेऱ्या होतील.”

ओरिनने तोंड उघडलं. बादल्यांचं वजन, त्याचं वय, सकाळची निसरड, यांबद्दल एक व्यवस्थित वाक्य तयार होत होतं. ड्रूसिलाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“येतो,” तो म्हणाला.